टोरांटोत भाजी लावताना: फ्रॉस्टपासून उलटं मोजा

गावाकडची पेरणी मृगाच्या पावसावर ठरते, टोरांटोतली शेवटच्या फ्रॉस्टवर, म्हणजे कोवळी रोपं मारणाऱ्या हिमावर. मेच्या पूर्वार्धात तो पडू शकतो, म्हणून इथले मुरलेले बागवाले मिरची-टोमॅटो व्हिक्टोरिया डेच्या, म्हणजे २५ मेआधीच्या सोमवारच्या, सुमारास बाहेर काढतात. एप्रिलच्या उबदार आठवड्याला भुलू नका.

मिरची-वांग्याचं बी त्याआधी १० आठवडे, मार्चच्या मध्यावर, घरातच अर्धा सेंटीमीटर खोल पेरा. मातीला २५ ते २८ अंश ऊब हवी. खिडकीतली माती रात्री गार पडते आणि बी कुजतं, म्हणून ट्रेखाली हीट मॅट, म्हणजे माती उबदार ठेवणारी विजेची चटई, ठेवा. उगवल्यावर मॅट काढा आणि रोपांच्या वर ५-१० सेंटीमीटरवर एलईडी दिवा रोज १४-१६ तास लावा. नुसत्या खिडकीच्या उजेडात रोपं लांबुळकी होतात. पाणी खालच्या ताटात द्या. माती वरून सतत ओली राहिली की देठ बुडाशी पिचकतो आणि रोप आडवं होतं.

घाई नडते ती पुढच्या टप्प्यात. रोपं थेट उन्हात नेली तर दोन दिवसांत पानं पांढरी, कागदासारखी होतात. पहिल्या दिवशी सावलीत एक तास, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवस घ्या. वाऱ्यापासूनही जपा. रात्रीचं तापमान १० अंशांखाली जाणार असेल तर रोपं आत.

भेंडीला जूनचा पहिला आठवडा. सकाळी १० सेंटीमीटर खोल थर्मामीटर खुपसा. १८ अंश दिसले की रात्रभर भिजवलेलं बी टोका. मेथी मात्र एप्रिलअखेरीस बिनधास्त फेका, तिला गारवाच आवडतो.

कोथिंबीर जूनमध्ये लगेच फुलोऱ्यावर येते. उष्णता असतेच, शिवाय तेव्हा इथला दिवस साडेपंधरा तासांचा, पुण्यात सव्वातेरा. ती एप्रिलअखेर किंवा ऑगस्टमध्ये पेरा. गावाहून आणवलेल्या वालाचं दुखणं उलटं. त्याच्या बऱ्याच गावठी जातींना फुलायला दिवस लहान व्हावे लागतात. वेल मांडवभर पसरतो, कळ्या सप्टेंबरात धरतात आणि ऑक्टोबरचा फ्रॉस्ट शेंगा भरण्याआधीच गाठतो. त्यामुळे दिवसाच्या लांबीवर न अडणारी, लवकर येणारी जात इथल्याच बियाणेवाल्याकडे मागा. तसंही परदेशातून बी आणण्याचे नियम कडक आहेत.

पाऊस नसेल त्या आठवड्यात चौरस मीटरला २५ लिटर पाणी, तेही एक-दोनदाच पण खोलवर. वाफ्याशेजारी काळ्या अक्रोडाचं झाड असेल तर टोमॅटो-वांगी तिथे लावूच नका; मुळांतल्या जुग्लोन नावाच्या विषारी द्रव्याने ती उभी सुकतात.

लसूण ऑक्टोबरमध्ये, ५ सेंटीमीटर खोल, वर १० सेंटीमीटर पेंढा. काढणी जुलैत.