कांदाभावाच्या ॲपची चाचणी मार्केटात कशी घ्यावी

शेतकऱ्यांसाठी बनवलेलं ॲप ऑफिसात तपासलं, तर ते ऑफिसापुरतंच चालतं. नवा फोन, वायफाय आणि ट्यूबलाइटचा उजेड या तिन्ही गोष्टी अडचणी झाकतात. नाशिकच्या यूएक्स डिझायनरला (ॲप वापरायला सोपं व्हावं म्हणून त्याची रचना करणाऱ्याला) मात्र खरी जागा जवळच आहे. पिंपळगाव बसवंत शहरापासून हायवेने तीसेक किलोमीटरवर आहे आणि लासलगावही निफाड तालुक्यातच येतं. त्यामुळे चाचणी तिथे जाऊनच घ्यावी.

किती माणसं लागतात? वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलेल्या हिशोबाप्रमाणे, एका फेरीत पाच जण पाहिले तर साधारण 85 टक्के अडचणी कळतात. हा हिशोब एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांना लागू होतो, हे बरेच जण विसरतात. शेतकरी आणि व्यापारी यांची कामं वेगळी असतात, म्हणून त्यांचे पाच-पाच वेगळे धरा. शेतकऱ्यांमध्येही सगळे पंचविशीतले नकोत. साठीच्या पुढचे एक काका आणि स्वतः शेती बघणाऱ्या एक ताई असायलाच हव्यात.

वेळ नीट निवडा. लिलावाआधी कुणालाही थांबवू नका, तेव्हा सगळं लक्ष ट्रॉलीवर आणि बोलीवर असतं. लिलावानंतर माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, वजन होतं, ट्रॉली खाली होते आणि हिशोबपट्टीसाठी थांबावं लागतं. त्या थांबण्यात अर्धा तास मिळतो. बाजार समितीच्या कार्यालयात आधी भेटून परवानगी घ्या. दोघांनीच जा, एक बोलणारा आणि एक लिहिणारा. चार-पाच जण भोवती उभे राहिले की माणूस अवघडतो.

सगळ्यात जास्त मेहनत चाचणीत जी कामं करायला सांगायची त्यांच्या वाक्यांवर घ्यावी, कारण चाचणी बहुतेक इथेच बिघडते. समजा स्क्रीनवर ‘बाजारभाव’ असं बटण आहे आणि तुम्ही म्हणालात, “बाजारभाव उघडून दाखवा.” समोरचा तो शब्द शोधून दाबणार. त्यातून त्याला वाचता येतं एवढंच कळलं. त्याऐवजी असं सांगा: “दादा, समजा चाळीत 40 क्विंटल उन्हाळ कांदा आहे. उद्या लासलगावला न्यायचा की पिंपळगावला, हे ठरवायचंय. यात बघून सांगा.” वाक्यात ॲपमधला एकही शब्द नाही आणि प्रश्न त्याच्या रोजच्या विचारातला आहे. अशी चार-पाच कामं पुरतात. पहिलं सोपं ठेवा, म्हणजे हात मोकळा होतो.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही. स्क्रीन रेकॉर्ड करणार असाल तर तेही आधी विचारा आणि नको म्हटलं तर फक्त लिहून घ्या. नंतर गप्प बसा. माणूस अडकला की मदत करायला जीभ शिवशिवते, तरी मनात दहापर्यंत मोजा. त्यानंतरही बटण दाखवू नका, “आता काय शोधताय?” एवढंच विचारा. “छान आहे, चांगलं केलंय” हे शब्द वहीत लिहून घ्या, पण निष्कर्षात धरू नका. आपल्याकडे पाहुण्याचं मन मोडत नाहीत. बोट कुठे थांबलं, मागे किती वेळा गेलं, फोन दुसऱ्याच्या हातात कधी दिला, हे जास्त खरं असतं.

शब्दांची एक अडचण हमखास तपासा. बाजारभावाच्या सरकारी तक्त्यात कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. ‘सर्वसाधारण दर’ म्हणजे खरं तर बहुतेक मालाला मिळालेला दर, पण साधारण प्रतीच्या मालाचा दर असं कुणी वाचू शकतो. चांगला माल असलेला शेतकरी मग तो आकडा सोडून जास्तीत जास्त दरावर हिशोब बांधतो, आणि तो दर कदाचित एखाद-दुसऱ्याच ट्रॉलीला मिळालेला असतो. म्हणून आकडा दाखवून “हा कुठल्या मालाचा भाव?” असं विचाराच. लाल आणि उन्हाळ कांद्याचे भाव एकाच ओळीत मिसळले असतील, तर तेही इथेच उघडं पडतं.

चाचणी शक्यतो त्यांच्याच फोनवर घ्या. सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलेलं असतं आणि मग ‘पिंपळगाव बसवंत’ बटणाबाहेर जातं किंवा अर्धवट कापलं जातं. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. देवनागरीसाठी अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर धरा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान 4.5 : 1 असावा असा वेब-सुलभतेचा नियम आहे, पण दुपारच्या उन्हासाठी 7 : 1 गाठा. फिकट राखाडी अक्षर खळ्यावर दिसतच नाही. अँड्रॉइडवर बटण 48 डीपीपेक्षा (डीपी हे स्क्रीनवरच्या आकाराचं माप) लहान नको, काम करून आलेल्या हाताला तेवढी जागा लागते. भाव टाइप करून घ्यायचा असेल तर चालतं ॲपच न्या, कारण अनेक प्रोटोटाइपमध्ये (ॲपच्या नुसत्या नमुन्यात) खरं टायपिंग होत नाही आणि कीबोर्डच्या अडचणी लपून राहतात.

त्याच संध्याकाळी दोघांनी वह्या जुळवा, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरायला होतं. प्रत्येक अडचणीपुढे तीन गोष्टी लिहा: किती जणांना आली, काम अडलं की नुसता उशीर झाला, आणि त्या वेळी माणूस काय बोलला. चुकीचा भाव समजणं ही अडचण एकालाच आली तरी ती सगळ्यात वर ठेवा, कारण तिथे पैसे जातात. रंगाची आवड-निवड तळाला. टीमला चाळीस पानी अहवाल देऊ नका. एक पान आणि अडकलेल्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तीन चित्रफिती पुरेत. परवानगी दिली असेल तरच त्या दाखवा, आणि नाव, फोन नंबर झाकूनच.

दुरुस्ती झाली की नव्या पाच जणांबरोबर पुन्हा जा. जुन्यांना ॲप पाठ झालेलं असतं.