प्रौढांच्या वर्गात समता कशी आणायची: नव्या शिक्षकांसाठी

प्रौढांना शिकवायला नव्याने उभे राहणारे शिक्षक समतेचा विषय बहुधा पहिल्या दिवसाच्या भाषणात उरकतात. ‘इथे सगळे सारखे’ असं सांगून धडा सुरू होतो आणि पुढच्या तासाला मागच्या ओळीतल्या दोन खुर्च्या रिकाम्या दिसतात. कुणी कुणाचा अपमान केलेला नसतो. एकाला फळ्यावरचं वाचता आलेलं नसतं, दुसरीला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगितलेलं असतं. लहान मुलांना वर्गात यावंच लागतं. प्रौढ माणूस तक्रारही न करता यायचा थांबतो. त्यामुळे इथलं बरंचसं काम वर्ग भरण्याआधीच करावं लागतं.

सुरुवात प्रवेशाच्या फॉर्मपासून करा. ‘तुम्हाला काही अपंगत्व आहे का?’ या प्रश्नाला बरेच जण ‘नाही’ असंच उत्तर देतात. त्याऐवजी सगळ्यांना विचारा, ‘शिकताना कशाची सोय लागेल?’ आणि खाली पर्याय द्या: पुढची जागा, मोठी अक्षरं, मधे उठून औषध घेणं, प्रार्थनेची वेळ, मुलांना शाळेतून आणायची वेळ. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, तेही लिहून घ्या. धर्म, वैवाहिक स्थिती वगैरे रकाने नियमाने लागत नसतील तर काढून टाका. फॉर्म तोंडी विचारून भरायचा असेल तर सगळ्यांचाच तसा भरा, नाहीतर लिहिता न येणारे पहिल्याच दिवशी वेगळे पडतात. आणि मागितलेली सोय पहिल्या तासालाच दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर पुढे कुणी काही सांगत नाही.

कागदाकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि तिथेच सगळ्यात जास्त माणसं अडतात. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतंच, आणि चष्मा घरी विसरलेला कुणी ना कुणी असतोच. छापील मजकूर किमान 14 पॉइंटात ठेवा, मोठ्या अक्षरांची प्रत 18 मध्ये काढा. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रा आणि जोडाक्षरं असल्यामुळे छोट्या छपाईत ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ सारखेच दिसू लागतात. ओळींमध्ये दीडपट अंतर सोडलं की फरक लगेच जाणवतो. ओळी डावीकडून सुरू करा आणि उजवी कड सरळ करायच्या नादी लागू नका, कारण त्यात शब्दांमधलं अंतर वेडंवाकडं होतं आणि वाचनात अडखळणाऱ्याची जागा चुकते. पडद्यावर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला काँट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान 4.5:1 हवा. ‘लाल शब्द पाहा’ अशी सूचना नको, कारण लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे पुरुष बरेच असतात. शब्द ठळक करा किंवा चौकटीत टाका.

बोलताना फळ्याकडे तोंड करून बोलू नका. ओठ पाहून समजून घेणाऱ्याचं तेवढं वाक्य हातचं जातं. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलात तर चेहरा काळोखात जातो, म्हणजे तेच नुकसान. मागून आलेला प्रश्न उत्तर देण्याआधी स्वतः पुन्हा उच्चारा. खुर्च्या अर्धवर्तुळात लावल्या तर ऐकू येणं आणि चेहरे दिसणं दोन्ही साधतं. चाकाची खुर्ची वळायला साधारण 150 सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ती दारापाशीच ठेवली तर ते माणूस कायम कडेलाच बसतं, म्हणून आतही एक जागा मोकळी ठेवा.

आता प्रश्न विचारण्याबद्दल. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी शाळेतले वर्ग तपासले तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारेही बोलू लागले. परक्या भाषेत शिकणाऱ्या प्रौढाला त्याहून जास्त वेळ लागतो. मनात पाच आकडे मोजा. ती शांतता शिक्षकालाच जड जाते, शिकणाऱ्याला ती हवी असते. त्यानंतर दोघादोघांत बोलू द्या आणि मग सगळ्यांसमोर. जोड्या मात्र दर तासाला बदला, कारण एकाच जोडीत एक कायम लिहितो आणि दुसरा कायम बोलतो. लिहिण्याचं काम बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतं. जोडीदाराचं म्हणणं मांडायचं, असा नियम ठेवला की ऐकावंही लागतं. मोठ्याने वाचन हजेरीच्या क्रमाने कधीच नको.

संबोधनात सगळे एका पायरीवर हवेत. एकाला ‘सर’ आणि दुसरीला ‘मावशी, तू सांग’ असं झालं की वर्गाला शिक्षकाची प्रतवारी कळते. सगळ्यांना ‘अहो’च करा. आणि कुणाकडे वळून ‘तुमच्यात हे कसं असतं?’ असं विचारू नका. त्या माणसाला आख्ख्या समाजाचा प्रवक्ता व्हायचं नसतं.

अपमानकारक शेरा आला तर हसून सोडून देऊ नका, त्यावर व्याख्यानही नको. ‘हा शब्द या वर्गात नको, आपण मुद्द्यावर येऊ’ एवढंच तिथल्या तिथे बोला. मग ज्याला लागलं त्याच्याशी आधी, शेरा मारणाऱ्याशी नंतर, वेगवेगळं बोला. सगळ्यांसमोर माफी मागायला लावलं तर दुखावलेल्यावरच माफ करायची सक्ती होते. वर्गाने मिळून ठरवलेले चार-पाच नियम भिंतीवर असतील तर हे सोपं जातं, कारण आधार शिक्षकाच्या मर्जीचा राहत नाही.

मूल्यमापनात गल्लत होते. कौशल्य हिशेबाचं असेल तर उत्तर तोंडी चालेल, कारण तिथे लिखाण तपासायचं नाही. अर्ज लिहिता येणं हेच उद्दिष्ट असेल तर लिखाणाची सूट देऊ नका, जास्त वेळ द्या. तो एकालाच दिला तर बाकीच्यांना पक्षपात वाटतो. मागेल त्याला मिळेल, हे आधीच जाहीर करा.

महिन्यातून एकदा सहकाऱ्याला मागे बसवा. बसण्याच्या नकाशावर वीस मिनिटं कोण किती वेळा बोललं, कुणाला मधेच तोडलं, याच्या रेघा ओढायला सांगा. तो कागद पाहूनच पुढच्या जोड्या लावा. सलग दोन तास न आलेल्याला त्याच आठवड्यात फोन करा, आणि ‘का आला नाहीत?’ ऐवजी ‘वर्गात काय अडतंय?’ असं विचारा. मिळालेली उत्तरं वहीत लिहून ठेवा. एकच अडचण दोघांनी सांगितली तर ती वर्गाची समजून पुढच्या तासाआधी सोडवा.