निवृत्तीनंतर सकाळी दहा वाजता काय करावं

आस्थापना शाखेत मी बावीस वर्षं पेन्शनची प्रकरणं केली. शिपायापासून वर्ग एकच्या साहेबांपर्यंत तीनशेच्या वर माणसं माझ्या टेबलावरून घरी गेली. प्रत्येकाला मी जाताना सल्ला द्यायचो. त्यातला निम्मा किती फुकाचा होता, हे मी स्वतः घरी बसलो तेव्हा कळलं. आमचं सातारा तसंही पेन्शनरांचं गाव. इथे कुणी रिटायर होणार असलं की त्याला माझ्याकडे धाडतात. येतात ते फॉर्मसाठी, पण फॉर्म दहा मिनिटांत होतात. चहा येईपर्यंत मी खालचं सगळं ऐकवतो.

कागद

सेवापुस्तकाची पडताळणी, ना-देय दाखला (म्हणजे ऑफिसचं तुमच्याकडे काही येणं नाही असा), जोडीदारासोबतचे फोटो हे सगळं वेळेत सुरू केलं असेल असं धरतो. एकच पुन्हा बघा. जोडीदाराचं नाव सेवापुस्तकात, आधारवर आणि बँकेत अक्षरशः सारखं आहे का? एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं, तिसरीकडे नावापुढे 'बाई', असली प्रकरणं मी डझनाने पाहिली. त्याचा त्रास तुम्हाला होत नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ येते तेव्हा होतो, आणि तेव्हा दुरुस्तीच्या अर्जावर सही करायला तुम्ही नसता.

पैसे

निवृत्तीची रक्कम खात्यात पडली की आठवड्याभरात भाचा, जावयाचा मित्र आणि बँकेतला टाय लावलेला मुलगा असे तिघे येतात. तिघांनाही चहा द्या, चेक देऊ नका.

साठीच्या आत निवृत्त होणाऱ्यांनी एक तारीख मात्र चुकवू नये. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतरची. पण पंचावन्न ते साठमध्ये निवृत्त झालेल्यांनाही ती मिळते. अट अशी, की निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं आणि त्या रकमेपेक्षा जास्त भरायचे नाहीत. मर्यादा ३० लाख. व्याज दर तिमाहीला, आणि भरताना जो दर असेल तो पाच वर्षं कायम. 'बघू सावकाश' म्हणणाऱ्यांचे तीन महिने कधी निघून जातात कळत नाही.

पेन्शन विकावी का, म्हणजे दरमहाच्या पेन्शनचा काही भाग सोडून त्याचे एकरकमी पैसे घ्यावेत का, हा प्रश्न ठरलेला. सरकारी पेन्शनमध्ये ४० टक्क्यांपर्यंत विकता येते आणि १५ वर्षांनी पूर्ववत होते. म्हणजे अठ्ठावन्नला विकलीत तर पूर्ण पेन्शन त्र्याहत्तराव्या वर्षी. माझं मत विचाराल तर घराचं कर्ज अंगावर असेल तर विका. मुलाच्या गाडीसाठी विकू नका. मुलगा रागावेल आणि दिवाळीपर्यंत विसरेल.

निरोप समारंभ

शाल, नारळ घ्या, दोन मिनिटं बोला, घरी या. 'साहेबांशिवाय ऑफिस पोरकं होईल' हे वाक्य मी तीनशे वेळा ऐकलंय. ऑफिस पोरकं होत नाही.

दहा ते एक

आता मुद्द्यावर येतो, कारण इथेच मी आपटलो होतो.

रिटायर माणसाला जो तो सांगतो: सकाळी फिरा, योग करा, छंद जोपासा. अहो, सकाळ सगळ्यांचीच भरलेली असते. अजिंक्यतारा चढून उतरा, भाजी आणा, पेपर वाचा, अंघोळ, नाश्ता. नऊ वाजतात. खरी पंचाईत दहाला होते. तीस-पस्तीस वर्षं दहा वाजता अंगाला कुठेतरी जायची सवय असते. पाय चपलेकडे वळतात आणि जायला जागा नसते.

माझा जन्म भाद्रपदातला, पण शाळेत गुरुजींनी १ जून लिहून टाकला, आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा लिहिला तसाच. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मे ला आमच्याकडे निरोप समारंभांची रांग लागते. आणि लगेच साताऱ्याचा पाऊस. फिरणं बंद, कट्टा ओला, माणूस घरात. तुमचीही शाळेतली तारीख १ जून असेल तर हे आत्ताच लिहून ठेवा: पहिले तीन महिने पावसाचे आहेत.

त्या तीन महिन्यांत मी काय केलं सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. मी स्वयंपाकघराचं दप्तर लावलं. डबे उतरवले, पुसले, ऑफिसात फायलींना चिकटवायचो तशा चिठ्ठ्या चिकटवल्या: 'तूरडाळ', 'मूगडाळ (सालाची)', 'पोहे – जाड'. खाली आणल्याची तारीखसुद्धा. सिलिंडर कधी लावला, किती दिवस पुरला याचा तक्ता फ्रिजवर लावला. कुकरच्या शिट्ट्या मोजून म्हणालो, "चार कशाला? तीनात होतं." बायको काही बोलली नाही. चौथ्या दिवशी मी 'गोडा मसाला' लिहिलेला डबा उघडला तर आत साबुदाणा. तिने रात्री सगळे डबे पुन्हा आपल्या सोयीने भरून ठेवले होते आणि चिठ्ठ्या तशाच ठेवल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अहो, तुमचं ऑफिस सुटलंय. माझं चालू आहे."

हे नीट समजून घ्या. दहा ते एक या वेळात घर रिकामं नसतं. तिथे तुमच्या लग्नापासून एक कारभार चाललेला असतो. त्यात भांडीवाल्या मावशींशी दोन शब्द आहेत, बहिणीचा फोन आहे, कढई गॅसवर असताना ऐकलेलं गाणं आहे, पाच मिनिटं पाठ टेकणं आहे. तुम्ही हॉलमध्ये नुसते बसलात तरी ते सगळं थांबतं, आणि वर तुम्हाला अकराचा चहा लागतो. त्या बाईला न विचारता आपण तिच्या टेबलावर येऊन बसलेले असतो.

मग मी दुसरी चूक केली. ऑफिसात जायला लागलो. सहज, चहाला. पहिल्या खेपेला माझ्या जागी आलेला मुलगा खुर्चीतून उठून उभा राहिला. दुसऱ्या खेपेला बसल्या बसल्या हसला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "साहेब, काही काम होतं का?" तो उद्धटपणे बोलला नाही, हे मुद्दाम सांगतो. त्याच्या टेबलावर फायली होत्या, आणि माझं खरंच काही काम नव्हतं. त्या जिन्यावरून उतरताना जसं वाटलं तसं तुम्हाला वाटू नये, म्हणून एवढं लिहितोय. पेन्शनच्या कामाखेरीज जुन्या ऑफिसची पायरी वर्षभर चढू नका.

छंदानेही भागत नाही. मी बासरी आणली, दोन महिने फुंकली. छंदाचा दोष असा की तो चुकवला तर कुणाचं काही बिघडत नाही. आज नाही वाजवली, उद्या वाजवू. आठवड्याने बासरी कपाटावर जाते आणि आपण पुन्हा कुकरपाशी उभे. नोकरीत आपल्याला काय होतं? पगार होता, मान होता, पण दहा वाजता कुणीतरी आपली वाट बघत होतं, मग ती शिव्या देत का असेना. गेलं ते तेवढंच. तेवढंच परत आणायचं.

म्हणून घराबाहेरचं असं काम शोधा की वार आणि वेळ ठरलेली असेल आणि तुम्ही गेला नाहीत तर दुसऱ्या कुणाचं तरी अडेल. तिथे तुमचं जुनं पद कुणाला ठाऊक नसेल तर फार बरं, आणि ठाऊक असलं तरी तुम्ही सांगू नका. पैसे मिळोत न मिळोत. सोसायटीचं सेक्रेटरीपद यात बसत नाही. पहिल्या वर्षी तर नकोच. ऑफिसातला रुबाब उतरलेला नसतो आणि पार्किंगवरून चार घरांशी बोलणं बंद होतं.

मला ते काम वाचनालयात सापडलं, तेही योगायोगाने. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका अंध मुलाला पुस्तकं वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं. सोमवार ते गुरुवार, साडेदहा ते साडेबारा. मला वाटलं, वाचायचं काय, आयुष्यभर टिपण्याच वाचल्या. पहिल्या दिवशी मी राज्यघटनेची कलमं परिपत्रकासारखी एका दमात वाचून काढली. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "काका, स्वल्पविराम आला की थांबत जा. मला तो दिसत नाही." दुसऱ्या आठवड्यात पावसाने मला उशीर झाला. छत्री झटकत आत शिरलो तर घड्याळाची काच उघडून काट्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, "अकराला दहा कमी, काका." इतक्या महिन्यांत मला उशिरा आल्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी मी घरी जेवलो ते दोन पोळ्या जास्त.

असं काम पहिल्याच झटक्यात मिळत नाही. दोन-तीन ठिकाणी जाऊन बघा, महिन्याभरात सोडलंत तरी चालेल. पण तोवरही दहाला घर सोडायचंच. वाचनालय, बँक, पोस्ट, दळण, काहीही. आणि एकच्या आत परत यायचं नाही. डब्यांना हात लावायचा नाही हे सांगायला नकोच.

बायकांचं उलट

माझ्याच दिवशी आमच्या शाखेतल्या एक मॅडम निवृत्त झाल्या. त्यांना दहा वाजता काय करावं हा प्रश्नच पडला नाही, कारण घरच्यांनी तो आधीच सोडवून ठेवला होता. नातू, सासूबाईंचं पथ्यपाणी, सुनेचा डबा. "आता तुम्ही घरीच आहात ना!" वर्षभरात त्यांचं वजन सहा किलोने उतरलं. बायकांनी आपले दहा ते एक निवृत्तीच्या आधीच जाहीर करावेत, नंतर कुणी ऐकत नाही. आणि पहिल्या सोमवारीच घराबाहेर पडावं, मग देवळात जाऊन बसावं लागलं तरी बेहत्तर.

अचानक घरी बसावं लागलं तर

कंपनी बंद पडली, तब्येतीने दगा दिला, स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर 'स्वेच्छा' फक्त छापलेली होती, अशांना वरचं सगळं लागू आहे, पण आधी एक पायरी चढावी लागते: लोकांना सांगणं. माझे मेहुणे बावन्नाव्या वर्षी घरी बसले आणि दीड वर्ष सोसायटीत 'वर्क फ्रॉम होम' सांगत राहिले. बिचारे दहा ते सहा बेडरूममध्ये लॅपटॉप उघडून बसायचे, खोटं नको पडायला म्हणून भाजीलाही बाहेर पडायचे नाहीत. ज्या ओळखीतून काम मिळालं असतं त्याच ओळखींपासून ते लपत होते. पहिल्या आठवड्यातच सांगून टाका, तेही एका वाक्यात: "नोकरी गेली, सध्या घरी आहे, काही असेल तर कळवा." शेवटी त्यांनी हे वाक्य इस्त्रीवाल्याला सांगितलं आणि त्याच्याच ओळखीने एका गोदामाचे हिशेब मिळाले.

किरकोळ

दुपारची झोप अर्धा तास. व्हॉट्सॲपवर सकाळचे फुलांचे फोटो पाठवू नका. एसटीला पासष्टनंतर अर्धं आणि पंचाहत्तरनंतर पूर्ण तिकीट माफ. त्याआधी पुरुषांनी पूर्ण भाडं भरून फिरायचं, कुरकुरायचं नाही.

नोव्हेंबर

पेन्शन चालू राहायला लागणारा हयातीचा दाखला नोव्हेंबरात. केंद्र सरकारच्या ऐंशी पूर्ण झालेल्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. हल्ली मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं. चष्मा काढा, उजेडाकडे तोंड करा, पाठीमागे खिडकी नको. ॲप पापणी मिटायला सांगतं तेव्हा मिटा. बरेच जण फोटो आहे असं समजून डोळे ताणून बसतात आणि मग चेहरा घेतच नाही म्हणून माझ्याकडे येतात. दोनदा करून झालं नाही तर सरळ बँकेत जा. दहाच्या ठोक्याला जा, पहिल्या आठवड्यात रांग असते.