सीएचबीवरून अमेरिकेत अॅडजंक्ट व्हायचंय? आधी व्हिसा बघा

सांगली-साताऱ्यातल्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवलेल्यांना अमेरिकेतली अॅडजंक्टची, म्हणजे कंत्राटी अर्धवेळ प्राध्यापकाची, नोकरी फार परकी वाटणार नाही. इथं तासावर मानधन, तिथं बहुधा कोर्सवर. घोळ होतो तो कागदपत्रांत.

जोडीदाराच्या नोकरीमागे जाणार असाल, तर एल-२ वर (कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) थेट काम करता येतं. आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवर, ‘एल-२एस’ लिहिलंय का, तेवढं तपासा. एच-४ वर (एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) साधारणपणे जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठीचा अर्ज, मंजूर झाल्यावरच वर्क परमिटचा अर्ज करता येतो. जोडीदार तिथं शिकायला गेला असेल, तर मिळणाऱ्या एफ-२ वर नोकरी अजिबात नाही. ‘दोन लेक्चरंच तर आहेत’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

ट्रान्स्क्रिप्टसाठी (विषयवार गुणांचा अधिकृत दाखला) कोल्हापूरची खेप निघण्याआधीच मारा. पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था बहुधा ती शिवाजी विद्यापीठाकडूनच थेट मागतात. त्यांचा अहवाल ‘कोर्स-बाय-कोर्स’, म्हणजे प्रत्येक विषयाची क्रेडिट्स वेगळी दाखवणारा, घ्या. नुसत्या समकक्षतेवर भागत नाही, कारण अनेक ठिकाणी मास्टर्ससोबत शिकवायच्या विषयातली १८ पदव्युत्तर क्रेडिट्स दाखवावी लागतात. फिजिक्समध्ये एमएस्सी करून गणित शिकवू म्हणणारे इथंच अडतात.

सीएचबीचं अनुभवपत्र बहुतेकदा दोन ओळींचं असतं. ‘सदर कालावधीत कार्यरत होते’ एवढ्यावरून तिथल्या विभागप्रमुखाला काय कळणार? विषय, वर्ग, आठवड्याचे तास आणि सत्राच्या तारखा लेटरहेडवर घालून घ्या, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी. प्राचार्य बदलले की जुना हजेरीपट शोधायला कुणाला वेळ नसतो.

तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे साधारण १५ आठवडे, आठवड्याला तीन तास. मात्र तयारी, पेपर तपासणी आणि विद्यार्थ्यांना भेटण्याचा वेळ त्याच रकमेत धरलेला असतो, त्यामुळे ४५ तासांनी भागून दर काढलात तर फसाल. प्रवेश कमी झाले तर सत्राच्या तोंडावर वर्ग रद्द होतो. तेव्हा काही मिळणार का, हे करारात वाचा. आरोग्य विमा सहसा नसतो.

अभ्यासक्रमाचा आराखडा, पेपर, ग्रेड हे बहुतेक सगळं तुमच्याच हातात. पण नावानिशी मार्कांची यादी नोटीस बोर्डावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची सवय सोडा. फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या १९७४ च्या अमेरिकी कायद्याने ते चालत नाही. पालकांनी फोन करून मार्क विचारले, तर स्वतः काही न सांगता रजिस्ट्रारच्या कार्यालयाकडे पाठवा.