लुटीच्या मालाला विशेषण लावताना

तान्ह्या पोळ्याला नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, मागे बडगे. बडग्या म्हणजे कोणाचा तरी पुतळा, आणि त्यात पैसे खाणाऱ्यांचा मान मोठा. आमच्या महाल भागातल्या मंडळाच्या बडग्याच्या गळ्यातली पाटी माझ्याकडे येते. उभी नोकरी वर्तमानपत्राच्या टेबलावर बातम्या तासण्यात गेली, म्हणून पोरं मजकूर घेऊन येतात, "काका, जरा बघून द्या ना." मजकूर बहुधा असा: 'जनतेची अमाप, अफाट, गडगंज संपत्ती लुटणारा राक्षस'.

पहिलं काम, आकार सांगणारी विशेषणं खोडायची. गडगंज, अमाप, डोळे दिपवणारी, सगळी. ही चोराची स्तुती आहे. गडगंज तर कष्टानेही होता येतं. अशा शब्दाने वाचणाऱ्याला राग येत नाही, हेवा वाटतो; एखादा तर मनात म्हणतो, आपल्याला का नाही जमलं बाप्पा!

त्या जागी माल कसा आला ते सांगणारं विशेषण घ्या. क्रियापदातून निघालेली अशी विशेषणं मराठीत ढिगाने आहेत, फक्त ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. उकळलेल्या पैशात अडवणूक असते, कोणाची तरी फाइल टेबलावर अडकलेली असते. लाटलेल्यात खुर्चीचा जोर दिसतो. ढापलेला माल नजर चुकवून नेलेला. बळकावलेल्या गाळ्याच्या दाराशी चार दांडगे उभे असतात. आणि हडपलेला वाटा म्हटलं की मला तरी सख्खा भाऊच आठवतो. परक्याने घेतलेल्याला आपण सहसा हडपलेला वाटा म्हणत नाही. शब्द निवडायच्या आधी स्वतःला विचारा, घेणाऱ्याने हात कसा घातला? उत्तरात जे क्रियापद येईल, त्यालाच 'लेला-लेली-लेलं' लावा.

पुष्कळदा तर वेगळं विशेषण शोधावंही लागत नाही. लेआउटमधल्या जमिनीची फसवणूक आपल्या शहराला नवी नाही. एका पोराने लिहून आणलं होतं, 'फसवा, भ्रष्ट, काळा व्यवहार'. मी विचारलं, झालं काय? तो म्हणाला, एकच प्लॉट तिघांना विकला ना काका. मग तेच लिही की, 'तिघांना विकलेला प्लॉट'. पाटीवर जागाही वाचली.

नाम जड असेल तर विशेषण हलकं ठेवा. घबाड मुळातच मोठं असतं, त्याला 'प्रचंड' कशाला? माया जमवलेली असते, मलिदा लाटलेला असतो, डल्ला मारलेला असतो. हे जोड मोडले की वाक्य परक्या माणसाने लिहिल्यासारखं वाटतं. 'गब्बर' माणसाला लावा, पैशाला नको.

आता माझ्या आवडीची जागा. लुटीच्या वस्तूवर तिच्या खऱ्या मालकाची खूण शोधा. इतवारीच्या सराफ्यात कोणालाही विचारा, सोनं एकदा आटवलं की लगडीला ना नाव ना गाव. म्हणून वर्णन आटणीच्या आधीचं करा. 'मौल्यवान दागिने' लिहिलं तर डोळ्यांपुढे दुकानाची काच येते. 'फासा तुटलेली एकदाणी' लिहिलं तर गळ्यावरचा ओरखडा दिसतो. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव कोरायची रीत होती. चोरीच्या ढिगातलं 'नाव घासून काढलेलं पातेलं' हे पाच विशेषणांचं काम एकटं करतं. नोटांचंही तसंच. कोट्यवधी रुपये कोणी पाहिलेत? 'दिवाणाखालच्या कुबट नोटा' नाकाला कळतात. कोऱ्या आणि कुबट असं एकमेकांशी भांडणारं जोडपं मिळालं, तर दोन विशेषणं ठेवायची माझी परवानगी. एरवी एकच.

इतिहासावर लिहिणाऱ्यांनी आणखी एक करावं, बाजू बदलून वाचावं. १७४० च्या दशकात आपल्या नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर गेल्या. १७५१ च्या तहात ओडिशा आणि वर्षाला १२ लाखांची चौथाई ठरली. महालात बसून त्या पैशाला 'पराक्रमाने मिळवलेला' म्हणणं सोपं आहे. तिकडे बर्गी, म्हणजे आपले मराठे स्वार, येतील म्हणून आया पोरांना भीती घालत. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, दत्तकाचा प्रश्न डलहौसीने निकालात काढला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात कवडीमोलाने गेले, जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला. हे लुटारू घोड्यावरून आले नाहीत, कागद घेऊन आले. म्हणून तिथे 'रक्तरंजित' शोभत नाही. मी 'पावती फाडून नेलेली दौलत' असं लिहीन. आणि बंगालच्या पैशाला? 'धाकाने वसूल केलेला' लिहीन. आमच्या गल्लीत काहींना हे रुचत नाही. न रुचो.

जिवंत माणसाबद्दल लिहिताना मात्र हात आखडता घ्या. उत्पन्नाशी मेळ न बसणाऱ्या मालमत्तेला कायद्याच्या मराठीत 'अपसंपदा' म्हणतात, बातमीत 'बेहिशेबी'. दोन्ही थंड शब्द आहेत आणि तिथे थंडच हवेत. निकाल लागेपर्यंत 'कथित' लावा, वाक्य कितीही लंगडलं तरी. बडग्याच्या पाटीवर मी नाव घालूच देत नाही. 'तिघांना विकलेला प्लॉट' एवढं लिहिलं तरी गर्दीतले लोक एकमेकांना कोपरखळी मारून नाव सांगतात.

रंगवायच्या आधी पाटी मोठ्याने वाचून घ्या. मिरवणुकीत संदल आणि ढोलाच्या गोंगाटात माणूस चालता चालता वाचतो; त्याला दोन-तीन सेकंदांत जे विशेषण पोचत नाही ते खोडा, आणि रंग पांढऱ्यावर लालच घ्या, पिवळा उन्हात दिसत नाही.