एनएफएसवर मोठ्या फाइली रखडताहेत? रीड-अहेड बघा

लिनक्स कर्नल अपग्रेड केला, नेटवर्क तेच, सर्व्हर तोच, तरी एनएफएसवरून (दुसऱ्या मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायची सोय) मोठ्या फाइली वाचताना वेग पडला? पूर्वी क्लायंट, म्हणजे फाइली वाचणारं मशीन, आर-साइझच्या (एका विनंतीत वाचायच्या डेटाची कमाल मर्यादा) 15 पट डेटा आगाऊ वाचायचा; हेच रीड-अहेड. आर-साइझ 1 एमबी असेल तर तब्बल 15 एमबी. कर्नल 5.4 पासून हा डिफॉल्ट 128 केबीवर आला. लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) जास्त असलेल्या लिंकवर एवढ्यानं काही भागत नाही.

'माउंटपॉइंट' कमांडला 'डी' हा पर्याय देऊन तुमच्या एनएफएस माउंटचा (जोडलेल्या डिरेक्टरीचा) क्रमांक काढा, समजा 0:52. मग सिस-एफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) क्लास, त्यात बीडीआय, त्यात 0:52 या डिरेक्टरीतल्या 'रीड_अहेड_केबी' फाइलमध्ये रूट म्हणून 4096 लिहा. लगेच लागू होतं. एकाच एक्सपोर्टचे (सर्व्हरनं वाटलेल्या डिरेक्टरीचे) दोन माउंट असतील तर बहुधा दोघांचा क्रमांक एकच निघतो, म्हणजे बदलही दोघांना लागतो!

मोजताना दर वेळी क्लायंटची पेज कॅश (वाचलेला डेटा रॅममध्ये धरून ठेवणारी जागा) रिकामी करा, नाहीतर दुसऱ्या फेरीत रॅमचाच वेग मोजून खूश व्हाल. सर्व्हरचीही कॅश असतेच, म्हणून पहिली फेरी सोडून दिलेली बरी.

अनमाउंट केलं की आकडा गेला. नव्या एनएफएस-युटिल्समध्ये (एनएफएसच्या टूल्सचं पॅकेज) 'एनएफएसराहेड' नावाचं टूल येतं; त्याचा विभाग एनएफएसच्या कॉन्फ फाइलमध्ये लिहून ठेवला की माउंट होतानाच आकडा बसतो. उडेव्हचा (डिव्हाइस जोडलं की ठरलेली कामं करणारी लिनक्सची यंत्रणा) स्वतःचा नियम लिहिण्यापेक्षा हे सोपं.

डेटाबेससारखं इकडून-तिकडून तुकडे वाचणारं काम असेल तर मात्र 128 ला हात लावू नका.