मलम थांबवले आणि जखम भरली

गेल्या श्रावणात नारळ खवताना खवणीचे दाते डाव्या अंगठ्याला लागून अर्ध्या इंचाची वरवरची चीर पडली. हळद दाबण्याचा आईचा सल्ला बाजूला सारून मी घरातले निओमायसिन हे प्रतिजैविक (जंतुनाशक औषध) असलेले मलम दिवसातून तीनदा, तेही जाडसर, लावत राहिलो. चौथ्या दिवशी जखमेभोवती लाल चट्टा उठून बारीक, पाणीदार पुळ्या आल्या. दुखण्यापेक्षा खाजच अधिक होती, तरीही जंतुसंसर्ग समजून मी मलम वाढवले, हा निव्वळ अडाणीपणा.

त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूबवरील घटक वाचून ही निओमायसिनची ॲलर्जी असल्याचे सांगितले आणि फ्रामायसेटिन हे दुसरे प्रतिजैविक त्याच कुळातले असल्यामुळे त्याचे मलमही माझ्यासाठी टाळण्याजोगेच, असे बजावले. मलम बंद केले, त्यांनी दिलेले स्टेरॉइड क्रीम फक्त चट्ट्यावर लावले, जखम रोज साध्या साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला आणि पट्टी बदलत राहिलो. खाज दोन दिवसांत ओसरली. आठवड्याभरात चीर मिटली.

घरातल्या इतरांना ते मलम चालते, म्हणून ट्यूब फेकली नाही. तिच्यावर फक्त माझ्या नावापुढे फुली मारून ठेवली आहे.